मेलेल्यांच्या चिठ्ठीतला इलिया

फादर मेतोदी त्या सकाळी चष्मा घरी विसरून टेकडीवर आले, आणि पुढचं सगळं त्या चष्म्यापासून सुरू झालं.

तसं चष्म्यावाचून त्यांचं कधी अडत नसे. ऐंशीव्या वर्षीही गळा असा, की सूर लावला की चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या ज्योतीही सरळ उभ्या राहून ऐकताहेत असं वाटावं. नावांच्या चिठ्ठ्या ते हातात धरत, पण ती नुसती रीत. व्हर्बोवोतल्या प्रत्येक घराचे मेलेले त्यांना चालीवर पाठ होते. घराची एक ओळ, ओळीला एक वळण, वळणावर श्वास. संत इलियाच्या सणाला आमच्या टेकडीवर आधी आत, चर्चमध्ये, गेलेल्यांची नावं गायची. मग बाहेर येऊन कुर्बानच्या, म्हणजे सणाच्या प्रसादाच्या मटणाच्या, कढयांवर जिवंतांची. गेलेले आधी, कारण त्यांनी जास्त वाट पाहिलेली असते, असं फादर म्हणत.

नेवेना बायकांच्या बाजूला, खांबाला पाठ लावून उभी होती. पुरुषांच्या बाजूला तिचा मुलगा इलिया, तिचा इल्चो. नऊ वर्षांनी. त्रेचाळीस नंबरचे बूट, रुंद पाठ, हातात बारकीशी पिवळी मेणबत्ती. डावा पाय किंचित वाकवून उभा राहायची नवी सवय लागली होती त्याला. परवा तो पोर्तुगालच्या पाटीची गाडी घेऊन दारात उतरला तेव्हा तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, त्या पायाकडे पाहिलं.

आज तिने नऊ वर्षांत पहिल्यांदा दोन नव्या चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या. एक गेलेल्यांची, एक जिवंतांची. फादर गातगात तिच्या घराच्या ओळीवर आले. तिने डोळे मिटले.

"थोरला इलि-या," फादरांनी सूर उचलला. "मारि-या. स्तोइ-मेन." श्वास. आणि मग गळा सवयीने स्वतःच पुढे गेला, "आणि इलि-या, तुझा दास..."

नेवेनाने डोळे उघडले.

"थांबा, फादर!" मेणबत्त्या विकायच्या आणि चिठ्ठ्या घ्यायच्या खिडकीतून कालिना ओरडली. कालिना म्हणजे नेवेनाची नणंद, गेली तीस वर्षं त्या खिडकीत बसणारी. "तो इथे उभा आहे! जिवंत!"

"कोण?"

"इलिया!"

"मी थोरल्या इलियाचं नाव घेतलं," फादर गोंधळून म्हणाले. "आजोबांचं."

"ते पहिलं. दुसरा कोण?"

फादरांनी हातातली चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. त्यांना काही दिसलं नाही. "त्या घराच्या ओळीत इलिया दोनदा येतो, बाई," ते शेवटी म्हणाले. "चालच तशी बसली आहे. नऊ वर्षं मी दोनदा गातोय."

माणसं हळूहळू इलियाकडे वळली. त्याच्या हातातली मेणबत्ती तिरकी झाली होती आणि मेण बोटांवर सांडत होतं.

"कोणी दिलं हे नाव?" कालिनाने विचारलं.

"मी," नेवेना म्हणाली.

*

अक्रोडाच्या झाडाखाली नेहमीचं टेबल मांडलेलं होतं. पलीकडे तीन कढया रटरटत होत्या. मटण, कांदा, तांदूळ, वर पुदिना. आशीर्वाद झाल्याशिवाय पळी घालायची नाही, आणि हे मिटल्याशिवाय आशीर्वाद द्यायचा नाही, असं कालिनाने सगळ्या टेकडीला ऐकू जाईल अशा बेताने जाहीर केलं होतं. त्यामुळे गाव हातात वाडगे घेऊन लांब उभं होतं आणि ऐकत नसल्यासारखं ऐकत होतं.

"पंच्याऐंशी साल," कालिना बोटांवर मोजत म्हणाली. "नोव्हेंबरची दोन तारीख. आर्खांगेलच्या सणाच्या आधीचा शनिवार. मेलेल्यांचा शनिवार! सगळ्या गावाने उकडलेले गहू आणले होते, फादरांनी याचं नाव घेतलं, आणि त्याच दिवशी तिकडे बेल्जियममध्ये याचा गुडघा गेला. इल्या, किती वाजता गेला रे?"

"तीन वाजून दहा मिनिटांनी," इलिया म्हणाला. "इथले चार."

"आत्या, आपण तर सकाळी दहाला गातो," कामेन म्हणाला. "म्हणजे सहा तास लागले पोचायला. आपल्या टपालापेक्षा बरं की."

कामेन इलियाचा मेहुणा. थोरल्या बहिणीचा, यानकाचा नवरा. गावच्या कापडगिरणीचा उपव्यवस्थापक आणि त्काच या तिच्याच फुटबॉल संघाचा अध्यक्ष. गेल्या नोव्हेंबरात कम्युनिस्ट सरकार उलटलं तरी दोन्ही खुर्च्या अजून त्याच्याच बुडाखाली होत्या. येत्या रविवारी मैदानावर इलियाचा सत्कार त्यानेच ठरवला होता. पाहुण्याने अध्यक्षाचा हात धरून वर करायचा, फोटो निघायचा, पुढच्या आठवड्यात संघाची निवडणूक.

"हसण्यावारी नेऊ नकोस," कालिना त्याच्यावर उखडली. "आईने पोराला जिवंतपणी पुरलं! वहिनी, तू उंबऱ्यावर गुडघे टेक, तीनदा क्षमा माग, फादर डोक्यावर हात ठेवतील, मग कढया. त्याशिवाय हा रस्सा कोणाच्या घशाखाली उतरायचा नाही."

नेवेना पळीची दांडी एप्रनने पुसत होती.

"रीतीने कालिनाचं बरोबर आहे," फादर मेतोदी हळू आवाजात म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज अगदी म्हाताऱ्याचा होई. गाताना तो कुठून येई, देव जाणे. "जिवंताचं नाव जाणूनबुजून तिकडे दिलं तर क्षमा मागावी लागते. पण ती मागायला लावायची की नाही, हे ज्याचं नाव त्याने सांगायचं. मी सांगणार नाही. इलिया, तू बोल."

सगळ्यांनी इलियाकडे पाहिलं.

खरी गोष्ट ही होती की आत्याचं बोलणं त्याला लागलं होतं. मैदानावरच्या माणसासारखा शकुनाला भिणारा दुसरा कोणी नसतो. सोळाव्या वर्षी त्काचमध्ये पहिला सामना खेळला तेव्हापासून तो डावा बूट आधी घालत आला होता. राजधानीत सैन्याच्या संघात गेला, तिथल्या बराकीतही डावा बूट आधी. एक्याऐंशीच्या शरदात संघाबरोबर बेल्जियमला गेला आणि देशात परत न जाण्यासाठी हॉटेलच्या धोबीखान्याच्या दाराने बाहेर पडला, तेव्हाही आधी डावा पाय बाहेर टाकला होता. वर्षभर खेळायला बंदी होती. गोदीत खोकी उचलली. मग बंदराच्या गावातल्या त्या संघाने घेतलं, आणि तीन वर्षं डाव्या कडेने तो असा धावला की गोदी कामगार त्याचं नाव चुकीचं का होईना, पण ओरडून घ्यायचे.

आणि मग तो शनिवार. गवत ओलं होतं. चेंडू पुढे टाकून तो वळला, समोरच्या बचावपटूचा बूट येऊन आदळला, पाय जमिनीत राहिला आणि बाकीचा माणूस वळला. आवाज आधी आला, दुखणं मागून. स्ट्रेचरवर पडल्यापडल्या त्याने विचार केला होता, मी आज काय चुकवलं? डावा बूट आधीच घातला होता. घोट्याची पट्टीही तीच, नेहमीची होती. पाच वर्षं त्याला उत्तर सापडलं नव्हतं. त्या गुडघ्यानंतर त्याला पोर्तुगालला देऊन टाकलं, मासे डब्यात भरणाऱ्या एका गावाच्या संघाला. धावणं संपलं होतं म्हणून तिथे तो मागच्या फळीत उभा राहायला शिकला. आता तेहतिसावं लागलं होतं. गाडीच्या खणात एक पत्र होतं: आणखी एक वर्ष खेळणार का, सोमवारपर्यंत कळवा.

आणि आज आत्या म्हणत होती की उत्तर इथे होतं, या चर्चमध्ये, आईच्या अक्षरात.

"आई," तो म्हणाला. "खरंच दर शनिवारी?"

"दर शनिवारी."

"आजारी असताना पण?"

"तेव्हा यानका नेऊन द्यायची. बंद पाकिटातून."

यानकाने मान खाली घातली. आत काय लिहिलंय ते तिने कधी पाहिलं नव्हतं. आईची चिठ्ठी, त्यात काय पाहायचं?

"बघ इलिया," कामेन पुढे झुकला. त्याचा आवाज आता मऊ झाला होता, समजूत घालणाऱ्या थोरल्या माणसासारखा. "तू परवा आलास. दारात मी हात पुढे केला, तू घेतला नाहीस. मी म्हटलं, ठीक आहे, राग आहे. मी काय केलं होतं? एक कागद वाचला. एकदा. मैदानावरच्या भोंग्यावर. 'व्हर्बोवोच्या खेळाडूंना या नावाशी यापुढे काही देणंघेणं नाही.' एक मिनिटही लागलं नसेल. तोही वरून आलेला होता. नसता वाचला तर हिची शाळेतली नोकरी गेली असती."

"माझं नाव मधे आणू नकोस," यानका म्हणाली.

"आणलंच पाहिजे. नऊ वर्षं तू त्या शाळेत शिकवलंस ते कोणाच्या जिवावर? मी एकदा तुला नाकारलं, इलिया. आणि आईंनी? वर्षाचे बावन्न शनिवार. मी नुसतं म्हटलं, आमचा नाही. यांनी म्हटलं, मेला. आता तूच सांग, हात कोणाचा घ्यायचा आणि कोणाचा नाही."

यानकाच्या मनात आलं, हा माणूस बोलतो ते वाक्यावाक्याने बरोबर असतं आणि सगळं मिळून खोटं असतं. आणि एकवीस वर्षांच्या संसारात आपल्याला हे कधी त्याच्या तोंडावर म्हणता आलेलं नाही. त्या मिनिटभराच्या कागदावर तिने नऊ वर्षं भाकरी खाल्ली होती. तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

इलिया उठला. गाडीच्या दिशेने दोन पावलं गेला आणि थांबला. पाठमोराच म्हणाला, "का, आई? एवढंच सांग."

*

नेवेनाने पळी टेबलावर ठेवली.

"क्षमा मी मागणार नाही," ती म्हणाली. "हे आधी ऐकून ठेवा सगळ्यांनी. तिकडे लांब उभे आहात त्यांनीही. इल्चोला वाटत असेल मागावी, तर त्याच्यासाठी मी गुडघे टेकीन. पण मनातून मागणार नाही, आणि देवाला ते कळेल, म्हणून उपयोग नाही."

"वहिनी!"

"थांबा वन्सं. तू गेलास, इल्चो, त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी तुला जिवंतांतच लिहिलं. 'इलिया, परदेशी, त्याच्या आरोग्यासाठी.' दुसऱ्या शनिवारीही. मग एका मंगळवारी तुझ्या बाबांना गिरणीच्या कचेरीत बोलावलं. टेबलावर माझी चिठ्ठी पडलेली. त्यांनी मैदानाच्या किल्ल्या काढून घेतल्या. बावीस वर्षं ते गवत त्यांनी राखलं होतं. त्यांना खाली बॉयलरवर घातलं. घरी आले, बूट काढले, म्हणाले, नेवेना, जिवंतांच्या चिठ्ठ्या ते वाचतात. आता काय करशील? मी म्हटलं, लिहीन. ते म्हणाले, कशी? मी रात्रभर विचार केला."

कढईतला एक बुडबुडा मोठा फुटला. कोणी तिकडे पाहिलं नाही.

"मेलेल्यांची चिठ्ठी कोणी वाचत नाही, इल्चो. त्यांच्यामागे कोणी माणूस लावत नाही. मी तुला तिथे लपवलं. तुझ्या आजोबांचं नाव तेच, म्हणून कोणाच्या लक्षातही येणार नव्हतं. मी थोरल्या इलियांना म्हणायची, मामंजी, पोराला तुमच्या मागे उभं करा, कोणाला दिसू देऊ नका. मग तुझे बाबाही तिकडे गेले. शहाऐंशीच्या फेब्रुवारीत. तुला येता आलं नाही. मी त्यांना म्हटलं, आता तुम्ही आहात तिथे, आता मला काळजी नाही, तुम्ही दोघांनी त्याला मधे घ्या."

"आणि देव?" कालिना कुजबुजली. "देवाला काय वाटलं असेल?"

"देवाला काय वाटायचं?" नेवेनाचा आवाज चढला. "मी कोणत्या इलियाबद्दल बोलते ते त्याला कळत नव्हतं होय? तो काय गिरणीचा कारकून आहे, चिठ्ठी कुठल्या ढिगात पडली ते बघून कारभार करायला? मला त्याचं नाव गायला हवं होतं. बस. मनातल्या मनात घेऊन माझं भागत नव्हतं. हे गाव! यानं त्काचसाठी केलेले गोल पेपरवाले आठवणीच्या सदरात छापायचे, आणि खाली काय? 'आपल्या एका आघाडीच्या खेळाडूने.' क्लबातल्या फोटोतून याचं तोंड कापलं. खांदा तेवढा ठेवला, कारण शेजारच्या पोराने त्यावर हात टाकला होता! नऊ वर्षं तो हात एका रिकाम्या खांद्यावर आहे. जाऊन बघा. या अख्ख्या व्हर्बोवोत माझ्या पोराचं नाव उघड्या गळ्याने घेणारा एक माणूस होता, आणि त्यालाही माहीत नव्हतं तो कोणाचं घेतोय."

फादर मेतोदींनी छातीवर क्रूस केला. त्यांचे ओठ हलत होते. "म्हणून," ते स्वतःशीच म्हणाले, "म्हणून तिथे सूर नेहमी वर जायचा. मला वाटायचं, माझीच चूक."

"पण माझी शंका वेगळी आहे," कामेन म्हणाला. तो खुर्चीत मागे रेलला. हरत आलेल्या माणसाला दुसऱ्याला खाली ओढल्याने बरं वाटतं, तसा तो आता बोलत होता. "ती चिठ्ठी गिरणीत पोचली कशी? चर्चच्या खिडकीत कोण बसायचं, आत्या? दर सोमवारी रेनकोट घातलेला तो माणूस तुमच्याकडून काय घेऊन जायचा? मी कचेरीत होतो. जिवंतांच्या चिठ्ठ्यांची बशीच्या बशी यायची."

"गप्प बस, कामेन," नेवेना म्हणाली.

"का? सगळंच निघू दे ना!"

"गप्प बस म्हटलं ना."

कालिनाचा चेहरा मेणासारखा झाला. तो सोमवारचा माणूस तिला इतक्या वर्षांनीही स्पष्ट आठवत होता: ओले बूट, नम्र बोलणं. ताई, छप्पर गळतंय ना तुमच्या चर्चचं? परवानगी मिळेल. नाहीतर कुलूपही मिळेल. आम्हाला फक्त किती जण येतात ते मोजायचंय. तिने बशी पुढे केली होती. मोजायला. पुढच्या आठवड्यात भाऊ बॉयलरवर गेला, आणि तिने स्वतःला सांगितलं, दोन गोष्टींचा संबंध नाही. नऊ वर्षं रोज सांगितलं. छप्पर मात्र दुरुस्त झालं होतं.

"वहिनी," ती म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या सोमवारपासून."

"आणि नऊ वर्षं माझ्याकडूनच मेणबत्त्या घेत होतीस?"

"मग काय करू? दुसरं कोण विकत होतं?"

लांब उभ्या असलेल्या माणसांत कोणाला तरी हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. तो ट्रकवाला व्हेल्को होता. त्याला हसायचा हक्क होता, परदेशातून माल आणताना इलियाच्या सामन्यांच्या बातम्याही तोच आणायचा आणि कुंपणावरून ओरडायचा, "नेवेनाकाकू, दोन किलो साखर, एक किलो मीठ!" म्हणजे दोन गोल आपले, एक त्यांचा. साखर नसलेल्या दिवसांत नेवेनाच्या घरी कधीकधी चार किलो साखर यायची.

कालिना रडली नाही. "छप्पर गळत होतं गं," ती टेबलाच्या फळीकडे बघत म्हणाली. नेवेनाने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

इलिया परत आला. गाडीपाशी जायला निघालेला तो माणूस आणि परतलेला माणूस एक नव्हता. यानकाला ते त्याच्या चालण्यावरून कळलं. लहानपणी हरत असलेल्या सामन्यात मध्यंतरानंतर तो असा यायचा.

"फादर," तो म्हणाला. "ज्याचं नाव त्याने सांगायचं, असं म्हणालात ना?"

"म्हणालो."

"मग ऐका. क्षमाबिमा काही नाही. माझी आई गुडघे टेकणार नाही. आमच्या घरातला एक गुडघा गेला तेवढा पुरे."

"आणि तो गेला कशाने?" कालिनाने दबक्या आवाजात विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आत्या, तो एका मागच्या फळीतल्या लालबुंद माणसाने मोडला. मला त्याचं नाव माहीत आहे, घर माहीत आहे, नाताळला त्याचं कार्ड येतं. त्याच्या बुटाला आईची चिठ्ठी चिकटलेली नव्हती." तो कामेनकडे वळला. "आणि भाऊजी, तुमचं म्हणणं मी नीट ऐकलं. तुम्ही एकदा, आईने बावन्न गुणिले नऊ. बरोबर. पण तुम्ही नाव घेतलंत ते पुसायला. आणि तिने घेतलं ते पुसू नये म्हणून. मेलेला म्हणून मी आठ वर्षं खेळलो, एकसष्ट गोल केले. तुमच्या त्काचमध्ये जिवंतांपैकी कोणी केलेत तेवढे?"

"इलिया, रविवारी लोक येणार आहेत," कामेन घाईने म्हणाला. "पाटी रंगवली आहे."

"येईन ना रविवारी. बाबांचं गवत कापायला येईन. लांब दांड्याचा कोयता माझा मी आणीन. हात मात्र कोणाचा वर करणार नाही. माझे दोन्ही कोयत्याला लागतील."

यानका उठली आणि भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. नवऱ्याच्या बाजूची खुर्ची रिकामी झाली एवढंच. पण बघणाऱ्यांना पुरेसं होतं.

*

कालिनानेच नवी चिठ्ठी लिहिली. कोळशाच्या काडीने, मेणबत्त्यांच्या पुठ्ठ्यावर, एवढ्या मोठ्या अक्षरात की कढईपलीकडून वाचता यावी. फादरांनी ती धरली आणि डोळे बारीक केले.

"मला दिसत नाही."

"मी सांगते, तुम्ही गा."

"या घराच्या जिवंतांच्या ओळीत हे नाव मी गायलेलं नाही गं. चाल नाही बसलेली."

"मग बसवा!" कालिना म्हणाली. "एवढा गळा देवाने कशाला दिलाय?"

फादर मेतोदींनी वाफेतून वर पाहिलं. त्यांनी आधी ओठांतल्या ओठांत सूर शोधला. मेलेल्यांच्या ओळीत हे नाव खाली उतरायचं आणि विझायचं. इथे ते उतरून चालणार नव्हतं. त्यांनी एकदा घसा खाकरला, थांबले, आणि मग सोडलं. "नेवे-ना. यान-का. आणि इलि-या..." ते नाव वर गेलं, अक्रोडाच्या शेंड्याशी थांबलं, तिथे वळलं, आणखी वर गेलं, आणि श्वास संपेपर्यंत फादरांनी ते खाली येऊ दिलं नाही. खाली गिरणीच्या फाटकात उभा असलेला पहारेकरी टोपी काढून वर बघत होता.

"हजर!" इलिया ओरडला.

बराकीत रोज सकाळी यादी वाचताना ओरडायचा तसा, टाचा जुळवून. गाव हसलं. म्हाताऱ्यांनी क्रूस केला. व्हेल्को म्हणाला, "काकू, एक किलो साखर!" आणि नेवेनाने नऊ वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांदेखत एप्रन डोळ्यांना लावला.

"ते पोर्तुगालचं पत्र," इलिया तिच्या कानाशी म्हणाला. "मी सही करणार आहे. आणखी एक वर्ष. जिवंत म्हणून कसा खेळतो ते बघायचंय."

"गुडघ्याला?"

"गुडघा माझं ऐकेल."

"आणि गेलेल्यांच्या ओळीचं काय करू?" फादरांनी विचारलं. "इलिया काढू?"

"एकच काढा," नेवेना म्हणाली. "दुसरे माझे सासरे आहेत. त्यांनी पोराला सांभाळलंय. त्यांना हलवायचं नाही."

मग तिने पळी उचलली. आमच्या टेकडीवर कुर्बान कोणालाही नाकारत नाहीत, पण वाडगा पुढे करताना कोणाच्या आरोग्यासाठी घेतो ते मोठ्याने म्हणायचं असतं. रांग सरकू लागली. मुलीच्या, नातवाच्या, दवाखान्यात असलेल्या बायकोच्या. यानकाने वाडगा पुढे धरला आणि वर्गात हजेरी घेतल्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या भावाच्या. इलियाच्या."

तिच्यामागे कामेन होता. तो जाऊ शकला असता. पण सणाच्या दिवशी वाडगा न भरता टेकडी उतरणाऱ्याबद्दल गाव काय बोलतं ते त्याला माहीत होतं, आणि निवडणूक आठवड्यावर होती.

"सगळ्यांच्या," तो म्हणाला.

पळी हलली नाही. "सगळ्यांचं फादरांनी गायलं. नाव घे."

कामेनने इकडेतिकडे पाहिलं. "इलियाच्या," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही."

"आई, लोक बघताहेत."

"त्या दिवशीही बघत होते. भोंग्यावरून सगळ्या गावाला ऐकू गेलं होतं, कामेन. मी स्वयंपाकघरात होते, खिडक्या बंद होत्या, तरी मला ऐकू आलं."

कढईची वाफ दोघांच्या मधून वर जात होती. कामेनच्या मानेवर घाम आला होता. त्याने एकदा इलियाकडे पाहिलं. इलिया मदतीला आला नाही, हसलाही नाही. नुसता बघत राहिला, डावा पाय किंचित वाकवून.

"इलियाच्या!" कामेन ओरडला. आवाज मधे फाटला. समोरच्या उतारावरून तो परत आला.

नेवेनाने पळी कढईच्या तळापर्यंत घातली, हाडाजवळचा चांगला तुकडा शोधला आणि त्याच्या वाडग्यात सोडला. वर रस्सा ओतला, काठोकाठ.

"पाव घे," ती म्हणाली. "आणि पुढे सरक. मागे माणसं उभी आहेत."